टाके बोलतात, आपण कधी बोलणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरी परिसरातल्या एका विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. रविवारचा दिवस, बाहेर कोकणातला पाऊस, त्यामुळे उपस्थिती जेमतेम तीस-पस्तीस. वाचन संपले, चहा झाला, पण पाऊस काही उसंत देईना. तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने सुचविले की, आपल्याकडे प्रोजेक्टर आहे, भिंतीवर चादर लावू आणि बारा मिनिटांचा एक चित्रपट पाहू. कार्टून म्हटल्यावर लहान मुले पुढे सरकली आणि मोठी माणसे छत्र्या शोधू लागली. आम्हीही उठण्याच्या बेतात होतो. परंतु पावसाने आम्हाला बसविले, हे बरेच झाले.

चित्रपटाचे नाव 'टांको बोले छे'. म्हणजे टाका बोलतो आहे. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक राहिलेल्या नीना सबनानी यांनी २००९ साली तो तयार केला. भाषा गुजरातकडची, म्हणून तो मुलगा खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होता. दोन-तीन मिनिटांनी बायांनी त्याला गप्प बसायला सांगितले. त्यांना कळत होते. भिंतीवर जे हलत होते ते कागदावर काढलेले चित्र नव्हते. ते कापड होते. ठिगळे लावून, कडा दुमडून, टाके घालून केलेली माणसे, घरे आणि वाटा. कापडाच्या बाया बोलत होत्या आणि त्यांच्यामागे खऱ्याखुऱ्या बायांचे आवाज होते.

या बाया कच्छमधल्या. १९७१च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकर भागातून जी कुटुंबे सीमा ओलांडून भारतात आली, त्यांत मारू मेघवाळ समाजाची कुटुंबे होती. वाचकांना मेघवाळ कोण हे सांगण्याची गरज नाही. मुंबईत या समाजाची वस्ती जुनी आहे. गुजरातेत आणि महाराष्ट्रातही तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे. या बायांच्या हातात 'सूफ' नावाचे भरतकाम होते. सूफची तऱ्हा अशी की, कापडावर आधी रेघ काढायची नाही, ठसा उमटवायचा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि उलट्या बाजूने टाका घालायचा. आकृती आधी डोक्यात पुरी तयार असावी लागते. ज्यांना अडाणी म्हटले गेले त्यांचे हे गणित आहे.

१९९३ साली 'कला रक्षा' ही संस्था उभी राहिली, त्यात या बाया होत्या. पुढे त्यांनी केवळ नक्षी न भरता आपल्या आयुष्यातल्या गोष्टी कापडावर मांडायला सुरुवात केली. देश सोडून आल्याची गोष्ट. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाची गोष्ट. आणि पतंग उडविण्याच्या आनंदाचीही गोष्ट, कारण माणसाच्या आयुष्यात केवळ दुःखच असते असे नाही. हीच कापडावरची चित्रे पुढे हलती झाली. चार आवाज आपापला प्रवास सांगतात आणि बारा मिनिटांत एक पिढी एका देशातून दुसऱ्या देशात, ओसरीवरून संस्थेत आणि गप्प राहण्यातून बोलण्यात येऊन पोहोचते. त्याला काव्य म्हणावयाचे तर खुशाल म्हणावे. आम्हाला ती साक्ष वाटली.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली आणि ती सांगितलीच पाहिजे. अशा कामाचे कौतुक करताना आपल्याकडे 'कारागीर' हा शब्द वापरतात. शब्द गोड आहे, परंतु त्यात जात अलगद झाकली जाते. हस्तकलेच्या प्रदर्शनात कापडाला भाव येतो, हाताचे कौतुक होते, पण तो हात ज्या वाड्यातला आहे त्या वाड्यात पाणी कुठून येते हे कोणी विचारत नाही. या चित्रपटाचाही भर कलेवर आणि कलेतून मिळालेल्या ओळखीवर आहे. जातीचा प्रश्न तो हातात घेत नाही. तरीही तो आम्हाला आमचा वाटला, याचे कारण त्यात बायांच्या वतीने दुसरे कोणी बोलत नाही.

चित्रपट संपला. दिवा लावला. ऐंशी ओलांडलेली एक आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने सुनेला सांगितले, "घरातून माजी वाकळ आन." सून म्हणाली, पाऊस आहे. आजी म्हणाली, "मग छत्री घेऊन जा." वाकळ आली. जुनी लुगडी, नवऱ्याच्या सदऱ्याचे तुकडे, मुलाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा एक चौकोन, आणि कडेला निळ्या रंगाची पट्टी. ही पट्टी कशाची असे आम्ही विचारले. एका चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या झेंड्याची, असे उत्तर मिळाले. झेंडा फाटला होता, पण टाकून देणे तिच्या जिवावर आले. आजी म्हणाली, "त्या बायांनी सांगितलान. आमाला कुनी इचारलानच नाय."

वाचकहो, या वाक्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

आता उत्तर सुचले नाही तरी वाद मात्र लगेच सुरू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. चळवळीत चाळीस वर्षे घालविलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे : बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्याला सांगितले की, लाचारीची कामे सोडा, अंगावरच्या जातीच्या खुणा टाकून द्या, स्वाभिमानाने उभे राहा. आपण टोपल्या सोडल्या, सुपे सोडली, शिक्षण घेतले. आता कलेच्या नावाखाली पोरांच्या हातात पुन्हा सुई आणि बांबूची बेळे देणार का? कच्छच्या बायांचे ठीक आहे. त्यांना त्यातून भाकर मिळते. आपण का मागे जायचे?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंपरेच्या गौरवाखाली जातीचा धंदा पुन्हा गळ्यात बांधण्याचे डाव या देशात अनेकदा झाले आहेत. तरीही आमचे मत वेगळे आहे. वाकळ हे कोणी आपल्यावर लादलेले काम नव्हते. ती बलुत्यात द्यावी लागत नव्हती, बाजारात विकली जात नव्हती. ती आपल्या पोरांच्या अंगावर घालण्यासाठी शिवली गेली. आणि टोपलीचे म्हणाल तर टोपली विणणे सोडणे वेगळे आणि टोपली विणणाऱ्या आईला विसरणे वेगळे.

सुतावरून आठवले. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे हजारोंनी होती. परंतु विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातून सूत ओढून काढताना ते तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत दुसऱ्याच्या तोंडाला कसे चालेल? अंगात घालावयाचे कापड त्याच सुताचे, पण तोंड मात्र आडवे आले. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. गिरणीत ज्यांच्या तोंडाला सुताची बंदी, त्यांच्याच घरात बायका दाताने दोरा तोडून वाकळा शिवत होत्या. हा इतिहास चित्रात आणायचा तर तो कोणी आणायचा?

आणि हा प्रवास रत्नागिरीला नवा आहे का? ज्या जिल्ह्यातल्या आंबडवे गावातून सकपाळ घराणे निघाले, ज्या दापोलीत गोपाळबाबा वलंगकरांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली, आणि ज्या वणंद गावातून एक पोरकी मुलगी आपल्या भावंडांबरोबर मुंबईला गेली, त्या जिल्ह्याला प्रवास शिकवावा लागत नाही. त्या मुलीचा बाप दाभोळच्या बंदरात माशांच्या पाट्या वाहत असे. आई-बाप गेल्यावर नातेवाईक भावंडांना घेऊन भायखळ्याला गेले आणि १९०६ साली तिथल्याच बाजारात तिचे लग्न लागले. पुढे ती रमाई झाली. रमाईचे फोटो आपल्या घराघरात आहेत. पण वणंदहून भायखळ्याला जातानाची ती लहान मुलगी, तिच्या हाताला धरलेले भावंड, तिने पहिल्यांदा पाहिलेली मुंबई, हे चित्र आपल्यापैकी किती जणांनी मनात तरी काढून पाहिले आहे?

शब्दांत हे काम झाले आहे. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या बाया लाकूडफाटा, गवत डोक्यावर घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जातात, ती वाट त्या पुस्तकात पहिल्यापासून आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पडवीत बसून आयदाने विणणारी आणि त्यावर मुले शिकविणारी आई आहे. कोकणात हे बांबूचे काम महारांकडे होते, ही गोष्ट घाटावरच्या वाचकाला त्या पुस्तकाने सांगितली. त्याआधी १९८९ साली त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्याकडून त्यांचे आयुष्य ऐकून घेतले. हे काम तेव्हा झाले नसते तर त्यातल्या कितीतरी बाया काही न बोलता निघून गेल्या असत्या. आजही जात आहेत. आमच्या विहारात आगबोटीने मुंबईला गेलेल्या बायांपैकी आता दोघी उरल्या आहेत. त्यांतली एक ही वाकळवाली आजी.

त्या दिवशी चर्चा पुढे गेली ती पोरांमुळे. त्यांना बाबासाहेबांच्या मसूरच्या प्रवासावर असाच हलत्या चित्रांचा लघुपट करावयाचा आहे. प्रसंग सर्वांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. १९०१ साल. रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तलाव खणला जात होता. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकीना. मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. जकातनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी रात्र काढून दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुले गोरेगावला पोहोचली. नऊ वर्षांच्या मुलाचा हा प्रवास बाबासाहेबांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहिला, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये. २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन'मध्ये तो काढला. त्यामुळे काम अगदीच झाले नाही असे नाही. पण ती चित्रे कागदावर आहेत, स्थिर आहेत.

पोरांनी आधी सोपा मार्ग घेतला होता. हल्ली संगणकाला एक वाक्य सांगितले की चित्र तयार होते. त्यांनी सांगितले आणि आले. आम्ही ते पाहिले. स्टेशन विलायतेतले वाटत होते, बैल गुबगुबीत होते, आणि छोटा भीमराव गोरापान, निळ्या डोळ्यांचा. जे डोळे त्या यंत्राने पाहिले तेच त्याने दिले, यात त्याचा तरी काय दोष? नंतर एका स्टुडिओत चौकशी केली तर भाव लाखांत सांगितला गेला. वर्गणी काढून पुतळा होतो, कमान होते, डीजे तर होतोच होतो. पण दहा मिनिटांच्या चित्रपटाला वर्गणी मागायची तर लोक विचारतात, कार्टून कशाला? आम्ही पुतळ्याच्या विरोधात नाही. परंतु मिरवणुकीतल्या एका रात्रीच्या आवाजावर जेवढे पैसे जातात तेवढ्यात काय काय होईल, याचा हिशेब एकदा मंडळांनी कागदावर मांडावा.

आणि हलती चित्रे ही काही आपल्या मातीला परकी वस्तू नाही. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वी जो आपलाच जिल्हा होता, त्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करीत आले. पोथीतले एकेक चित्र समोर धरायचे, गायचे, सांगायचे आणि पुढचे चित्र काढायचे. दिव्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवून पडद्यावर सावल्या हलवायच्या. यंत्र नव्हते तेव्हा आदिवासींच्या हातांनी कोकणात पडदा हलविला होता. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतून कथा रामायण-महाभारताच्याच सांगितल्या गेल्या, कारण आश्रय देणाऱ्यांना त्याच हव्या होत्या. हात आदिवासींचे आणि गोष्ट दुसऱ्याची. सबनानी यांच्याच 'हम चित्र बनाते हैं' या भिल्ल चित्रपरंपरेवरच्या लघुपटाला चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट अॅनिमेशनचा मान मिळाला. तिथेही आपली चित्रे का काढतो, हे भिल्लच सांगतात. आपल्याच जिल्ह्यात देवरुखला आणि सावर्ड्याला चित्रकलेची महाविद्यालये आहेत. आपली मुले तिथे शिकतात, निसर्गचित्रे उत्तम काढतात. मसूरचा रस्ता काढायला त्यांना कोणी सांगितलेच नसेल.

शेवटी आजीनेच मार्ग काढला. ती म्हणाली, बाबासाहेबांचे मोठे काम करा, पण आधी हात बसू द्या. माझे छोटे करून बघा. ती लग्न होऊन मुंबईला गेली तो प्रवास.

हे काम किती चिकाटीचे आहे हे आम्हाला तेव्हा कळले. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. एकच चित्र दोनदा वापरले तरी बारा. 'टांको बोले छे'च्या बारा मिनिटांचा हिशेब या मापाने केला तर सतरा हजार दोनशे ऐंशी चौकटी होतात. आमच्या पोरांकडे एक मोबाईल, खिडकीला बांधलेला एक बांबू, आजीची जुनी निळी साडी म्हणजे समुद्र आणि काळ्या खणाची बोट. बोट चिमूटभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचे, फोटो घ्यायचा. पुन्हा चिमूटभर. मध्येच ढग आले की उजेड बदलतो आणि मागचे वीस फोटो वाया जातात. एका मुलाला शिंक आली आणि लाट उडाली. सकाळी नऊला बसलेली सहा मुले संध्याकाळी पाचला उठली तेव्हा एकशे बत्तीस फोटो झाले होते. म्हणजे अकरा सेकंद. आक्षेप घेणारे ज्येष्ठ कार्यकर्तेही दुपारनंतर तिथे होते. ते काही बोलले नाहीत, मात्र साडीची सुरकुती जाईल तशी दोन्ही हातांनी सारखी करीत होते.

पुढच्या रविवारी ते अकरा सेकंद आजीला दाखविले. बोट धक्क्याला लागते, कापडाची मुलगी फळीवरून चढते, बोट निघते. मुलांना टाळ्यांची अपेक्षा होती. आजीने पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पाहून ती म्हणाली, "आगबोट धक्क्याला कुटं लागत व्हती रे बाला? ती लांब हुबी ऱ्हायची. पडावात बसून जावा लागायचा. आनि आमाला शेवटच्या पडावात घेत. सगल्यांचा सामान चढला की मंग आमी."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. एका मुलीने कात्री घेतली आणि धक्क्याचे टाके उसवायला सुरुवात केली. दुसरीने विचारले, पडाव कशाचा करायचा? आजी म्हणाली, खाकी तुकडा आहे अजून, तो बघा. पडावात किती माणसे होती हे ती बोटांवर मोजत होती. बारापर्यंत नावे आठवली. तेराव्या बाईचे नाव काही केल्या तिच्या ओठावर येईना. तेव्हा तिने मुलांना सांगितले, तिच्या कडेवर पोर होते आणि लुगडे हिरवे होते, ते तरी घाला.